लॅपटॉप बंद पडला तर आधी फाईल्स काढा, विंडोज नंतर टाका

मार्चअखेरीचे दिवस होते. सकाळी कामाचा लॅपटॉप चालू केला तर विंडोजचे ते गोल फिरणारे ठिपके फिरतच राहिले. अर्धा तास वाट बघितली, तीन-चार वेळा बटण दाबून बंद-चालू केला आणि शेवटी नेहमीच्या दुकानात नेऊन दिला. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काय नाही ओ, विंडोज उडालंय. संध्याकाळी या, नवीन टाकून ठेवतो." मी बरं म्हटलं आणि बातमीला निघून गेलो. संध्याकाळी लॅपटॉप झकास चालू झाला. फक्त डेस्कटॉप कोरा होता. 'डी' ड्राईव्हवरचे फोटो जागेवर होते, पण डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती होत्या, सहा वर्षांत रेकॉर्ड केलेल्या. त्यातली काही माणसं आता नाहीत.

दुकानदाराला दोष द्यायला मी गेलो नाही. त्याला मी काम सांगितलं होतं लॅपटॉप चालू करण्याचं, ते त्यानं केलं. फाईल्स पाहिजेत हे मी बोललोच नव्हतो. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत दुरुस्ती म्हणजे 'विंडोज मारणे' असंच समीकरण आहे, आणि आपणही लॅपटॉप आणि त्यातला डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरतो. मशीन पैसे टाकून दुसरं येतं. चार वर्षांची टॅली, संस्थेचे अहवाल, पोराच्या बारशाचे फोटो दुकानात मिळत नाहीत.

त्या दिवसापासून या विषयात जरा खोलात गेलो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे वाचक असोत की गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबादचे, पहिल्या तासाभरात काय करायचं हे सगळ्यांना सारखंच लागू आहे.

पहिल्या दहा मिनिटांत हात आवरा

सर्वात जास्त नुकसान बिघाडानं होत नाही, बिघाडानंतरच्या घाईनं होतं. पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. हार्डडिस्क मरायला टेकली असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना तिचं उरलेलं आयुष्य खर्च होतं. 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणं आवश्यक आहे' अशा अर्थाची सूचना आली तर 'कॅन्सल' दाबा. त्या सूचनेचा खरा अर्थ एवढाच, की विंडोजला डिस्कवरची यादी वाचता येत नाहीये. माल आत असतो, गोदामाचं रजिस्टर फाटलेलं असतं.

'रिसेट धिस पीसी' हा पर्यायही तसाच. त्यात 'कीप माय फाईल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असे दोन रस्ते दिसतात. पहिला रस्ता सुरक्षित वाटतो, पण डिस्कच खराब असेल तर काम मध्येच अडकतं आणि आहे त्याहून वाईट अवस्था होते. 'चेकडिस्क' चालवायचा सल्ला कुणीतरी फोनवर हमखास देतो. निरोगी डिस्कवरच्या किरकोळ चुकांना तो ठीक आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो तासन् तास घासत बसतो आणि तुटक्या नोंदी दुरुस्त करायच्या नादात काही कायमच्या पुसतो. आधी फाईल्स बाहेर काढायच्या, मग काय ते चेकडिस्क.

चहा किंवा पाणी सांडलं असेल तर चार्जर काढून लगेच बटण दाबून धरा आणि पूर्ण बंद करा. लॅपटॉप उलटा, तंबूसारखा ठेवा. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय लोकप्रिय आहे, पण तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पूड आत जाते. साध्या पाण्यापेक्षा साखरेचा चहा वाईट, कारण पाणी उडून गेल्यावरही साखरेचा थर बोर्डावर राहतो. 'दोन दिवस वाळवला, चालू झाला' म्हणून निर्धास्त होऊ नका. चालू झालाच तर पहिलं काम फाईल्स बाहेर काढण्याचं.

बिघाड मशीनचा की डिस्कचा?

हे ओळखलं की निम्मी काळजी मिटते. बऱ्याचदा लॅपटॉप मेलेला असतो आणि डिस्क ठणठणीत असते.

एकही दिवा लागत नसेल तर आधी सॉकेट आणि चार्जर बघा. आपल्याकडे विजेचा खेळ होतोच, त्यात पहिला बळी चार्जरचा जातो. दुसरा चार्जर लावून बघायचा तर पिन बसते म्हणून लावू नका, मागच्या चिठ्ठीवरचे व्होल्ट जुळले पाहिजेत. त्यानंतर चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत अडकलेला विजेचा भार निघून जातो आणि कित्येक 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यानं उठतात. फुकटचा उपाय आहे, दुकानात जायच्या आधी करून बघावा.

दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर पडद्यामागचा उजेड गेलाय, बाकी सगळं चालू आहे. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय वायर लावा. टीव्हीवर चित्र आलं तर तिथंच बसून पेनड्राईव्हवर कॉपी करून घ्या. चित्र कुठंच नाही आणि कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतोय किंवा बीप वाजतेय, तर बहुधा रॅमची तक्रार. रॅम काढून परत घट्ट बसवली की अनेकदा सुटते. गोवा, कारवार, खानापूरकडच्या पावसाळी हवेत रॅमच्या पट्टीवर मळ बसतो, तिथले मेकॅनिक पावसाळ्यात आधी तेच तपासतात.

चालू होऊन दहा-पंधरा मिनिटांत बंद पडत असेल आणि बूड तापत असेल तर पंख्यात धूळ साठलीय. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या उन्हाळ्यात हे नेहमीचं. टचपॅड वर उचलल्यासारखा झाला असेल, झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. असा लॅपटॉप चार्जिंगला लावूच नका आणि ती बॅटरी दाबायला, टोचायला जाऊ नका, पेट घेते. फाईल्सचं नंतर बघू, आधी ती बॅटरी जाणत्या माणसाकडून काढून घ्या.

आता डिस्कची लक्षणं. कंपनीचं नाव पडद्यावर येतं आणि पुढं 'नो बूटेबल डिव्हाईस' सारखं काहीतरी दिसतं. एखादं फोल्डर उघडलं की सगळंच गोठतं. फाईल कॉपी करताना वेग शून्यावर येऊन थांबतो. लॅपटॉप महिनाभर हळू हळू मंद होत गेला. चालू करताना एफ-२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि डिस्कचं नाव दिसतं का बघा. नाव दिसत असेल तर आशा बरी आहे. दिसत नसेल तर ती सैल झालीय किंवा गेलीय.

विंडोज अजून कसंबसं चालत असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती सांगतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. हार्डडिस्क असेल तर त्यातल्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ मध्ये डिस्कनं खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागांचा हिशेब असतो, सी५ मध्ये वाचता न येणाऱ्या, निकाल बाकी असलेल्या जागांचा. आकडा रोज वाढत असेल तर वाट बघू नका. आमच्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर सी५ म्हणजे संशयित येणी आणि ०५ म्हणजे बुडीत खात्यात टाकलेली.

हार्डडिस्क आणि एसएसडी मरतात वेगवेगळ्या तऱ्हेनं

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणाऱ्या तबकडीची हार्डडिस्क असते. ती बहुतेक वेळा सांगून मरते. मंद होते, घरघरते, आणि अखेरीस टक्-टक् आवाज करते. टक्-टक् ऐकू आली की त्याच क्षणी बंद करा. आतलं वाचणारं डोकं निकामी होऊन तबकडीवर आपटत किंवा घासत असतं आणि जिथं घासतं तिथला डेटा भुकटी होऊन जातो. अशी डिस्क कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही, प्रयोगशाळेचंच काम. ती फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतोय. आत बाष्प धरतं, उरलीसुरली आशा संपते.

एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती पडझड सोसते आणि वेगवान असते. पण ती अनेकदा न सांगता जाते. काल चालू, आज बायोसमध्ये नावही नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हार्डडिस्कवर फाईल डिलीट केली तरी तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथंच पडून असते. एसएसडीत 'ट्रिम' नावाची व्यवस्था असते. तुम्ही डिलीट केलं की विंडोज डिस्कला कळवतं, ही जागा आता लागत नाही, आणि डिस्क सवडीनं ती खरोखर साफ करते. म्हणून एसएसडीवरून पुसलेली किंवा फॉरमॅटमध्ये गेलेली फाईल परत मिळायची शक्यता फार कमी. 'रिकव्हरी करून देतो' म्हणून कुणी पैसे आगाऊ मागितले तर डिस्क कुठली आहे हे त्याला आधी विचारा.

चुकून डिलीट झालं असेल तर रिसायकल बिन, आणि ढगात फाईल ठेवत असाल तर तिथलाही कचरा बघा. गुगल ड्राईव्हमध्ये पुसलेली फाईल ३० दिवस राहते, वनड्राईव्हच्या घरगुती खात्यातही ३० दिवस. खूप जणांना माहीत नसतं की नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं गुपचूप वनड्राईव्हला जोडलेली असू शकतात. लॅपटॉप पूर्ण मेला असला तरी दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून बघा. मोफत जागा ५ जीबीच असते, त्यामुळे सगळं असेलच असं नाही.

फाईल्स बाहेर काढायचे तीन रस्ते

पहिला रस्ता फार कमी लोकांना ठाऊक आहे आणि त्याला पैसा लागत नाही. विंडोज दोन-तीनदा अर्ध्यात अडकलं की चौथ्यांदा ते आपणहून दुरुस्तीच्या निळ्या पानावर नेतं. तिथं 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'कमांड प्रॉम्प्ट' निवडा. काळी खिडकी उघडते. तिथं इंग्रजीत नोटपॅड हा शब्द टाईप करून एंटर मारा. साधा नोटपॅड उघडेल. त्याच्या 'फाईल'मध्ये 'ओपन' दाबा आणि खाली 'ऑल फाईल्स' निवडा. आता त्या छोट्या खिडकीत तुमचे सगळे ड्राईव्ह दिसतील. सी-डी ही अक्षरं इथं बदललेली असू शकतात, त्यामुळे घाबरू नका, 'यूजर्स' फोल्डर शोधा. हवं ते फोल्डर कॉपी करा आणि लावलेल्या पेनड्राईव्हवर पेस्ट करा. किती झालं, किती राहिलं हे इथं दिसत नाही, सगळं गोठल्यासारखं वाटतं. पेनड्राईव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका.

दुसरा रस्ता पेनड्राईव्हवरून उबुंटू किंवा लिनक्स मिंट चालू करण्याचा. दुसऱ्या संगणकावर तो पेनड्राईव्ह तयार करायचा, आपल्या लॅपटॉपला लावून चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबायची आणि 'ट्राय' निवडायचं. 'इन्स्टॉल' नाही! हा एक शब्द चुकला तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

तिसरा रस्ता डिस्कच बाहेर काढण्याचा. हार्डडिस्कसाठी यूएसबीचं कव्हर काही शे रुपयांत मिळतं. पट्टीसारख्या एसएसडीचं थोडं महाग, आणि त्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, दुकानदाराला डिस्क दाखवूनच घ्या. ती दुसऱ्या संगणकाला लावली की बाहेरच्या डिस्कसारखी उघडते. परवानगी नाही असं म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबा. काही पातळ लॅपटॉपमध्ये आणि ॲपलच्या नव्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डावरच चिकटवलेली असते, तिथं हा रस्ता बंद.

कॉपी करताना सगळी डिस्क एकदम ओढू नका. ज्याच्याशिवाय अडेल ते आधी. आजारी डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही, म्हणून सिनेमे आणि गाणी शेवटी. मोठी फाईल अडली तर तिला सोडून पुढं जा.

डिस्कवर खराब जागा बऱ्याच असतील तर जाणकार माणूस फाईल कॉपी करतच नाही, तो 'डीडीरेस्क्यू' या मोफत प्रोग्रॅमनं अख्ख्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून प्रतिमेवर 'टेस्टडिस्क' किंवा 'फोटोरेक' चालवायचं. फोटोरेकची एक खोड लक्षात ठेवा. ते फाईल तिच्या आतल्या ठेवणीवरून ओळखतं, त्यामुळे परत मिळालेल्या फाईल्सची नावं आणि फोल्डरं गेलेली असतात. आणि सापडलेलं कधीही त्याच डिस्कवर उतरवायचं नाही.

निळ्या पानावर ४८ आकडे मागितले तर

हा नवा घोळ आहे आणि यात शिकलेली माणसंही अडकतात. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते, त्याला बिटलॉकर म्हणतात. रोजच्या वापरात ते कळतही नाही. पण बोर्ड बदलला, बायोसमध्ये काही हलवलं किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. वर सांगितलेले तिन्ही रस्ते या किल्लीशिवाय बंद. किल्ली नसेल तर प्रयोगशाळाही हात टेकते.

१९ जुलै २०२४ हा दिवस आठवा. क्राउडस्ट्राईकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले ८५ लाखांच्या आसपास विंडोज संगणक निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्ती तशी सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल पुसायची. पण कित्येक ठिकाणी तिथपर्यंत पोचायलाच बिटलॉकरची किल्ली लागत होती आणि ती शोधण्यात लोकांचे दिवस गेले.

किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप चालू केला त्या खात्यात असते. वेबसाईटवर आपल्या खात्यात जाऊन 'डिव्हायसेस'मध्ये 'रिकव्हरी की' बघा. आणि इथं आपल्याकडची खास अडचण. नवा लॅपटॉप घेताना किंवा विंडोज टाकताना दुकानातला मुलगा काम लवकर उरकावं म्हणून स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केल्या की बऱ्याच लॅपटॉपवर कुलूप आपोआप लागतं. म्हणजे तुमच्या कपाटाची किल्ली त्या मुलाच्या खात्यात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानं सध्या ११ टाकून घेणाऱ्यांची रीघ आहे, तेव्हा ईमेल आपलाच टाकायला लावा आणि ते ४८ आकडे वहीत उतरवून ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको, कपाटात.

पुणे, बेंगळुरू, हैदराबादच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तो लॅपटॉप तुमचा नाही. किल्ली कंपनीच्या आयटी विभागाकडे असते. गावातल्या दुकानात उघडायला देऊ नका, त्यातून नोकरीवर येऊ शकतं. त्यांना फोन करा, तक्रारीचा नंबर घ्या आणि दिसलेल्या सूचनेचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा.

काय काय कॉपी करायचं

लोक डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स घेतात आणि बाकीचं विसरतात. टॅलीप्राईमचा डेटा या फोल्डरांत नसतो. तो बहुतेक वेळा सी ड्राईव्हवर 'यूजर्स', त्यात 'पब्लिक', त्यात 'टॅलीप्राईम'च्या आत 'डेटा' फोल्डरमध्ये असतो, आणि प्रत्येक कंपनीच्या फोल्डरचं नाव म्हणजे नुसता आकडा. नावावरून दुकान ओळखू येत नाही, म्हणून अख्खं 'डेटा' फोल्डर उचला. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड घातला असेल आणि विसरला असेल तर मात्र डेटा हातात असूनही उघडत नाही.

व्यापाऱ्यांना हे गमतीचं वाटू नये. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. डेटा गेलाच तर जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-२बी पोर्टलवरून उतरवता येतात, बँकेचं स्टेटमेंट मिळतं, त्यावरून खरेदी-विक्रीचा सांगाडा उभा करता येतो. रोखीच्या नोंदी आणि उधारी मात्र वहीत असतील तरच.

आऊटलुक वापरत असाल तर पीएसटी फाईल, ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड, स्कॅन केलेली कागदपत्रं. डिजिटल सहीचा टोकन वेगळा असतो, त्याची काळजी नाही. आणि एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांनी विसरूच नये, विंडोजच्या फोल्डरातलं 'फॉन्ट्स'.

फाईल मिळाली, अक्षरं कुठं गेली?

एका मंडळाच्या कार्यकर्त्याचा रडवेला फोन आला होता. रिकव्हरी झाली, पंचवीस वर्षांचे अहवाल मिळाले, पण सगळे 'करप्ट', उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी. जाऊन बघितलं तर फाईल्सना काहीही झालं नव्हतं. जुने अहवाल श्रीलिपीत आणि शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेले. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षर उघडं पडतं. कृतिदेव, एपीएस, आयएसएमचे जुने फॉन्ट, सगळ्यांचा हाच प्रकार, आणि कन्नडमध्ये जुन्या नुडीचाही. सीमाभागातल्या छापखान्यांत दोन्ही भाषांचं काम चालतं, तिथं एकाच फाईलमध्ये दोन्हीकडची खिचडी निघते.

ओळखायची खूण सोपी. फाईल उघडते, परिच्छेद, मथळे, तक्ते जागेवर आहेत आणि फक्त अक्षरं निरर्थक, तर तो फॉन्टचा प्रश्न. फाईल उघडतच नाही, चुकीची सूचना येते, किंवा आकार शून्य केबी दिसतो, तर नुकसान खरं. पहिल्या प्रकारात जुना फॉन्ट मिळवा, उघडा, आणि युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदल करणारी मोफत साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरांत ती घसरतात, नावं आणि आकडे डोळ्यांनी तपासावे लागतात. जुन्या सॉफ्टवेअरला डोंगल लागत असेल तर तो टेबलाच्या खणात जपून ठेवा. अशा फाईल्स सगळ्या मेल्या असं समजून कुणी पुसून टाकू नयेत म्हणून हे जरा लांबवलं.

दुकानात देताना

तोंडी सांगू नका. पावतीवर लिहून घ्या, 'डेटा पाहिजे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये'. शक्य असेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि लॅपटॉप तेवढा दुरुस्तीला द्या, पडदा किंवा कीबोर्ड बदलायला डिस्क लागत नाही. डिस्क बदलली तर जुनी परत मागा, तिच्यात तुमचं आधार, पासबुक, घरचे फोटो सगळं आहे. टक्-टक् करणारी हार्डडिस्क कुणी टेबलावर उघडायला लागला तर हात धरा. ती उघडायला धूळविरहित खोली लागते आणि तशी सोय मोठ्या शहरांतच असते. खर्च काही हजारांपासून कित्येक हजारांपर्यंत जातो, म्हणून तपासणीचे पैसे किती आणि डेटा मिळाला नाही तर काय, हे आधी विचारा. पाठवताना स्पंजात घट्ट बांधा, नुसत्या पिशवीत बसच्या डिकीत टाकू नका.

आणि दुकानदारानं आधीच विंडोज टाकलं असेल तर? लॅपटॉप लगेच बंद करा. सी ड्राईव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का बघा. फॉरमॅट न करता वरूनच विंडोज टाकलं असेल तर जुना डेस्कटॉप त्यातच मिळतो. पण ते फोल्डर काही दिवसांनी विंडोज स्वतःच पुसतं.

माझ्या लॅपटॉपवर ते नव्हतं, फॉरमॅट झाला होता. नशीब एवढंच की आत जुनी हार्डडिस्क होती आणि चूक लक्षात आल्यावर मी तो पुन्हा वापरला नाही. डिस्क काढून प्रतिमा घेतली, फोटोरेक रात्रभर चालवलं. सकाळी दोनशेच्या वर ऑडिओ फाईल्स होत्या, नावं म्हणजे 'एफ' आणि पुढं आकडे. काही अर्ध्यावर तुटतात, काहींत मध्येच दुसरीकडचा आवाज घुसलाय. कुठली कुणाची हे ऐकल्याशिवाय कळत नाही. रोज रात्री जेवणानंतर दोन-तीन ऐकतो, आवाज ओळखू आला की नाव आणि गाव घालतो. निम्म्या झाल्यात. तीन आवाज अजून ओळखू आलेले नाहीत, त्यातली एक बाई जात्यावरच्या ओव्या म्हणते.